व्हिसाच्या फॉर्ममध्ये ‘रेसिडेन्स स्टेटस’ कसा भरायचा: परदेशात तात्पुरतं राहणाऱ्या खान्देशकरांसाठी

२०२५च्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भाचा शारजाहून घरी आला होता. दुसऱ्या दिवशी, रस आणि खापरावरचे मांडे अजून पोटात जड असताना, लॅपटॉप काखोटीला मारून माझ्या दुकानात हजर. त्याला जुलैत बायकोला घेऊन फ्रान्सला जायचं होतं. शेंगेन व्हिसाचा (फ्रान्स, जर्मनी, इटली अशा युरोपातल्या देशांचा सामाईक व्हिसा) फॉर्म त्याने घरीच भरला होता. ‘मामा, एकदा नजर टाका फक्त,’ म्हणाला.

नजर टाकली. ‘नागरिकत्वाच्या देशाबाहेर राहता का?’ या प्रश्नापुढे त्याने ‘नाही’वर खूण केली होती. नऊ वर्षं शारजात आहे हा पोरगा! विचारलं, तर म्हणे, ‘मी तर इंडियनच ना मामा. तिथे काय कायमचा थोडाच आहे?’

त्याच संध्याकाळी त्याच्या दुबईतल्या मित्राचा कॅनडाचा फॉर्म पाहिला. त्याने नेमकं उलटं केलं होतं. स्टेटसच्या चौकटीत ‘पर्मनंट रेसिडेंट’. का? तर दुबईत चौदा वर्षं झाली आणि नोकरी पर्मनंट आहे.

अमळनेरला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, पासपोर्ट हे रोजचं काम. व्हिसाचे फॉर्म त्या मानाने कमी येतात, पण येतात त्यातले निम्मे याच चौकटीत अडखळतात. मी वकील नाही, एजंटही नाही. फॉर्म भरून भरून जे कळलं ते सांगतो.

सालदाराचे तीन प्रश्न

आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. समजा धडगावकडचा एक माणूस चोपड्याला सालदार आहे. त्याला विचारा, कुठला? धडगावचा. राहतो कुठे? चोपड्याला, मालकाच्या मळ्यात. कुठवर? आखाजीपर्यंत, पुढे मालकाने ठेवलं तर अजून एक साल.

व्हिसाचा फॉर्मही हेच तीन प्रश्न विचारतो. नागरिकत्व कोणतं, सध्या राहता कुठे, आणि कोणत्या परवान्यावर, कुठवर. भाच्याने दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचं उत्तर दिलं. त्याच्या मित्राने तिसऱ्याला दुसऱ्याचं दिलं. दहा सालं एकाच मळ्यात काढली म्हणून सालदाराच्या नावावर सातबारा चढत नाही. आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून तो तिथे राहतच नाही, असंही कुणी म्हणत नाही.

आधी कार्ड काढा, मग फॉर्म उघडा

फॉर्म उघडण्याआधी राहण्याच्या परवान्याचा कागद समोर ठेवा आणि एका कोऱ्या पानावर पाच गोष्टी उतरवा: देश, परवान्याचा प्रकार, नंबर, कधीपासून, कधीपर्यंत. सहावी गोष्ट कंसात लिहा, त्या परवान्यावर बाहेर जाऊन परत त्या देशात शिरता येतं का. पुढचं सगळं या पानावरूनच भरायचं आहे, आठवणीवरून नाही.

हा कागद देशागणिक वेगळा असतो. अमिरातीत २०२२पासून पासपोर्टवर रहिवासाचा स्टिकर लावणं बंद झालं. आता एमिरेट्स आयडी हाच तुमचा रहिवासाचा पुरावा. त्याचा नंबर ७८४ने सुरू होतो. जुन्या पासपोर्टातला स्टिकर बघून नंबर आणि तारीख भरणारे अजून भेटतात, त्यांनी सावध राहावं. सौदीत इकामा. इकाम्याची तारीख पुष्कळदा हिजरी असते. ती तशीच फॉर्ममध्ये टाकली तर साल चौदाशे-काहीचं दिसतं. तिथल्या सरकारी ॲपमध्ये इंग्रजी तारीख मिळते, ती घ्या. कतार, कुवेत, ओमान, बहरीनची त्यांची त्यांची ओळखपत्रं आहेत.

इंग्लंडमध्ये राहण्याच्या परवान्याचं बीआरपी नावाचं कार्ड होतं, ते २०२४च्या अखेरीस संपलं. आता ई-व्हिसा आहे, म्हणजे हातात कार्ड नाही, सगळं ऑनलाइन खात्यात. खात्यातल्या स्टेटसच्या पानाची प्रिंट काढा आणि शेअर कोड (दुसऱ्याला तुमचं स्टेटस ऑनलाइन तपासता यावं म्हणूनचा नंबर) तयार करून ठेवा. तो कोड ९० दिवस चालतो, म्हणून फार आधी काढू नका. जर्मनीत शिकणाऱ्या पोरांकडे ‘आउफेंटहाल्ट्सएरलाउबनिस’ असतं, तो तात्पुरता परवाना. ‘नीडरलासुंग्सएरलाउबनिस’ असेल तर कायमचा. (जर्मनीचा वैध परवाना असेल तर फ्रान्स-इटलीला १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरायला वेगळा शेंगेन व्हिसा लागत नाही. एका पोराने त्यासाठी फॉर्म भरायला घेतला होता, त्याचे पैसे वाचवले.) सिंगापूरला एम्प्लॉयमेंट पास, एस पास, स्टुडंट्स पास, हे सगळे तात्पुरते.

अमेरिकेतल्यांचा घोळ वेगळा आहे. पासपोर्टातला व्हिसा हा आत शिरण्यासाठी असतो. आत किती दिवस राहता येतं ते आय-९४, म्हणजे आत शिरल्याची सरकारी नोंद, ठरवतो. एच-१बीवाल्याचा (नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याचा) व्हिसाचा शिक्का संपलेला असू शकतो आणि तरी तो तिथे कायदेशीर राहत असू शकतो. स्टेटसच्या तारखेसाठी आय-९४ पाहा. पण कंसातल्या सहाव्या प्रश्नासाठी, म्हणजे परत शिरता येईल का यासाठी, शिक्का पाहा. दुसरा देश व्हिसा देताना ‘हा परत जाणार कुठे?’ हेच तपासतो, तेव्हा शिक्का संपला असेल तर ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आणि व्हिजिट व्हिसावर मुलाकडे राहायला गेलेले आई-वडील हे तिथले रहिवासी नव्हेत. तीन महिने राहिले तरी त्यांचा राहण्याचा देश भारतच. उलट, भाच्यासारखा माणूस महिनाभर सुटीवर अमळनेरला आला म्हणून त्याचा राहण्याचा देश बदलत नाही.

‘पर्मनंट’ हा शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी येतो

इथे जरा थांबतो, कारण बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे.

‘पर्मनंट ॲड्रेस’ म्हणजे गावचा पत्ता. तो पारोळ्याचा असो की शिरपूरचा, दुबईत राहणाऱ्यानेही तोच लिहायचा. ‘पर्मनंट जॉब’ म्हणजे कंपनीने कायम केलेली नोकरी. त्या देशाच्या सरकारशी त्याचा काही संबंध नाही. ‘पर्मनंट रेसिडेंट’ म्हणजे त्या देशाच्या कायद्याने दिलेला कायमचा राहण्याचा हक्क, जसं अमेरिकेचं ग्रीन कार्ड, कॅनडाचं किंवा सिंगापूरचं पीआर. परवाना नोकरीवर, शिक्षणावर किंवा नवऱ्याच्या नोकरीवर टांगलेला असेल आणि तो दर एक-दोन वर्षांनी नवा करावा लागत असेल, तर तो तात्पुरता. किती वर्षं झाली हे इथे मोजायचं नसतं.

अमेरिकेच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये सरळ विचारतात: नागरिकत्वाचा देश सोडून दुसऱ्या कुठल्या देशाचे तुम्ही पर्मनंट रेसिडेंट आहात का? गल्फमधल्या नोकरदाराचं उत्तर ‘नो’. शेंगेनच्या फॉर्ममध्ये प्रश्न वेगळा आहे: नागरिकत्वाच्या देशाबाहेर राहता का? त्याच माणसाचं उत्तर इथे ‘येस’, पुढे परवान्याचा प्रकार, नंबर आणि वैधतेची तारीख. दोन फॉर्म, दोन उलटी उत्तरं, आणि दोन्ही खरी. म्हणून एका फॉर्मची नक्कल दुसऱ्यात करू नका.

कॅनडाच्या आयएमएम ५२५७ फॉर्मची तऱ्हा आणखी निराळी. तिथे ‘टेम्पररी रेसिडेंट’ असा पर्याय शोधत बसू नका. यादीत सिटिझन, पर्मनंट रेसिडेंट, व्हिजिटर, वर्कर, स्टुडंट, अदर असे पर्याय आहेत. दुबईत नोकरी करणारा ‘वर्कर’. त्याच्या व्हिसावर राहणारी बायको नोकरी करत नसेल तर ‘अदर’ निवडून शेजारच्या जागेत लिहायचं की नवऱ्याच्या नोकरीवर आधारित कुटुंबाचा रहिवास. त्याच फॉर्ममध्ये पुढे गेल्या पाच वर्षांत आणखी कुठल्या देशात सहा महिन्यांहून जास्त राहिलात का, हेही विचारतात. या पाच वर्षांत दुबईच्या आधी दोन वर्षं मस्कतला काढली असतील तर ती इथे येतात. ‘ते जुनं झालं’ म्हणून सोडू नका.

इंग्लंडचा ऑनलाइन फॉर्म पत्त्यावर जास्त वेळ घेतो. या पत्त्यावर कधीपासून राहता, घर स्वतःचं की भाड्याचं, वगैरे. त्याची उत्तरं परवान्याच्या तारखांशी जुळली पाहिजेत. परवाना २०२१चा आणि त्या देशातला पत्ता २०१९पासूनचा, असं दिसलं की वाचणारा विचारणारच, मधली दोन वर्षं कोणत्या कागदावर राहिलात? त्याआधीचा परवाना असेल तर त्याची प्रत लावा, म्हणजे प्रश्नच मिटला.

तारखा

भाच्याचं कार्ड १८ सप्टेंबरला संपत होतं. फ्रान्सहून परतायची तारीख २ ऑगस्ट. त्याच्या हिशेबाने दीड महिना शिल्लक, म्हणजे भरपूर. पण शेंगेनसाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध लागतो, आणि परदेशात राहणाऱ्यांकडे राहण्याचा परवानाही तसाच तीन महिने पुढचा असावा अशी बहुतेक वकिलातींची अपेक्षा असते. २ ऑगस्टनंतर तीन महिने म्हणजे २ नोव्हेंबर. कार्ड दीड महिना कमी पडत होतं.

‘रिन्यू तर होणारच आहे मामा, कंपनी करते ना.’ होणारच असेल, पण फॉर्ममध्ये कार्डावरची तारीख लिहायची असते, होणारी नाही. नूतनीकरण चालू असेल तर जुनी तारीख लिहा आणि अर्जासोबतच्या पत्रात सांगा की अमुक तारखेला अर्ज केला आहे, पावती सोबत आहे. जर्मनीत या मधल्या काळात ‘फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग’ नावाचा कागद देतात. त्याचे प्रकार आहेत आणि सगळ्यांवर बाहेर जाऊन परत येता येत नाही, म्हणून तिकीट काढण्याआधी त्यावरची खूण कुणाकडून तरी वाचून घ्या.

‘कधीपासून’ या तारखेत दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. त्या देशात राहायला कधी गेलात ही एक, आणि आत्ताचा परवाना कधी मिळाला ही दुसरी. भाच्याच्या बाबतीत एक २०१६ आणि दुसरी २०२३. फॉर्म ‘तिथे कधीपासून राहता’ विचारत असेल तर पहिली, ‘परवाना कधी दिला’ विचारत असेल तर दुसरी. पत्रात मात्र दोन्ही लिहा.

नोकरी सुटली असेल तर? अमिरातीत व्हिसा रद्द झाल्यावर थोडे दिवस सवलतीचे मिळतात. त्या दिवसांच्या जोरावर ‘वर्कर’ लिहून अर्ज करू नका. नवा परवाना येऊ द्या, नाहीतर भारतात परतून इथला रहिवासी म्हणून अर्ज करा. आणखी एक: अमिरातीबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलं तर साधा रहिवासी व्हिसा बाद होतो. घरी आजारपणात अडकलेल्यांनी कार्डावरची तारीख शाबूत दिसते म्हणून निर्धास्त राहू नये.

अर्ज कुठून करायचा

भाच्याला मुंबईतून करायचा होता, सुटीवर आलाच आहे तर. शेंगेनच्या नियमात अर्ज तुम्ही कायदेशीर राहता त्या देशातल्या वकिलातीकडे करायचा असतो. दुसरीकडून करायचा तर तिथे कायदेशीर हजर असणं आणि तिथूनच का करतोय याचं कारण, दोन्ही द्यावं लागतं. ‘सुटीत वेळ होता’ हे कारण कितपत चालेल, मला भरवसा नाही. मी त्याला शारजात परत जाऊन तिथूनच करायला सांगितलं. प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी अर्ज घेत नाहीत आणि निदान १५ दिवस आधी द्यावा लागतो, तेव्हा मधल्या काळात कुठे असाल ते आधी ठरवा.

अमेरिकेनेही सप्टेंबर २०२५पासून पर्यटन, शिक्षण, नोकरी असल्या व्हिसांच्या मुलाखती नागरिकत्वाच्या किंवा राहण्याच्या देशातच घ्यायला सांगितलं आहे. भारतीयाला भारत कधीही खुला आहे. पण राहण्याच्या देशातून करायचं तर तिथे राहतो हे दाखवावं लागतं, म्हणजे पुन्हा तेच कार्ड.

पत्ता: शारजातला आणि गावचा

गल्फमध्ये पोस्ट बॉक्स नंबरवर कारभार चालतो. फॉर्मला मात्र राहण्याची जागा हवी असते: इमारत, फ्लॅट, रस्ता, भाग. बेड-स्पेसवर (सामाईक खोलीत फक्त एक पलंग भाड्याने घेऊन) किंवा कंपनीच्या कॅम्पात राहत असाल तर तोच पत्ता लिहा, लाजू नका. कंपनीकडून ‘हा आमच्या जागेत राहतो’ असं पत्र घ्या. भाडेकरार दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या.

गावच्या पत्त्याची गंमत आपल्याकडे जास्त आहे. अमळनेरचं इंग्रजी स्पेलिंग माणसागणिक बदलतं, आणि आधार, पासपोर्ट आणि शाळेचा दाखला यांत ते तीन वेगळ्या तऱ्हांनी सापडतं. पासपोर्टातलं धरा आणि सगळीकडे तेच वापरा. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूरकडच्यांसाठी एक खास सूचना. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला झाला. त्याआधी जन्मलेल्यांच्या दाखल्यावर ‘जि. धुळे’ असतं आणि पासपोर्टवर कधी धुळे, कधी नंदुरबार. जन्मस्थळ पासपोर्टवर आहे तसंच भरा, आणि दाखला लावणार असाल तर पत्रात एक ओळ टाका की हा तालुका पूर्वी धुळे जिल्ह्यात होता. एका आजोबांच्या कागदावर ‘पश्चिम खान्देश’ होतं, धुळे जिल्ह्याचं जुनं नाव. ते समजावायला मला अर्धं पान लागलं.

पुण्या-मुंबईत नोकरीसाठी राहणाऱ्यांना हा सगळा व्याप नाही. भारतीय नागरिकाचा भारतातला रहिवास म्हणजे ‘तात्पुरता’ नव्हे, खोली अकरा महिन्यांच्या करारावर असली तरी. परदेशी रहिवासाच्या प्रश्नाला ‘नाही’, सध्याचा पत्ता पुण्याचा, कायमचा पत्ता गावचा. करार नोंदणी केलेला असावा. महाराष्ट्रात तो कायद्याने नोंदवायचाच असतो, नोटरीवर भागवलेला पुरावा कच्चा दिसतो.

पत्रातला तो एक परिच्छेद

फॉर्मच्या चौकटीत मावत नाही ते सोबतच्या पत्रात येतं. मी हा मजकूर इंग्रजीत करून देतो, नावनिशाणी बदलून:

‘मी भारतीय नागरिक असून २०१६पासून संयुक्त अरब अमिरातीत शारजा येथे राहतो. माझा रहिवास नोकरीवर आधारित व तात्पुरता आहे. सध्याचा परवाना १९ सप्टेंबर २०२५ रोजी मिळाला असून १८ सप्टेंबर २०२७पर्यंत वैध आहे. प्रत सोबत जोडली आहे. अमिरातीत किंवा अन्य कोणत्याही देशात मला कायमचा रहिवास नाही. प्रवास संपवून मी २ जानेवारी २०२६ला शारजाला परतेन व ५ जानेवारीला कामावर रुजू होईन. कंपनीचे रजेचे पत्र सोबत आहे.’

एवढं पुरे. बापाची केळी, दोन विहिरी, भावाचं लग्न हे सगळं याच परिच्छेदात कोंबू नका. गावचा सातबारा लावायचा असेल तर इंग्रजी भाषांतर करून मागे जोडा. तो आधाराला ठीक, पण शारजात राहणाऱ्याने आधी शारजाला परत जाणार हे दाखवायचं असतं.

कंपनीच्या पत्रावर मात्र बारीक नजर ठेवा. एमिरेट्स आयडीवर आणि इकाम्यावर हुद्दा छापलेला असतो. कार्डावर ‘सेल्समन’ आणि पत्रात ‘सेल्स मॅनेजर’ असं आमच्याकडे दर दोन-चार फॉर्मांत निघतं, कारण बढती झाली पण सरकारदरबारी हुद्दा बदलला नाही. फॉर्ममध्ये आता करता ते काम लिहा आणि कंपनीकडून एक वाक्य घ्या की परवान्यावरील हुद्दा अमुक आहे, प्रत्यक्ष काम अमुक.

चूक झाली तर

अर्ज पाठवण्याआधी सापडली तर फुकटात सुटलात. पाठवल्यावर सापडली तर स्वतःहून कळवा: कोणत्या प्रश्नाचं उत्तर चुकलं, बरोबर काय, पुरावा काय. कॅनडाला त्यासाठी ऑनलाइन वेबफॉर्म आहे. शेंगेनच्या वेळी व्हिसा केंद्रावर कागद देताना सांगून टाका आणि दुरुस्त प्रत द्या. ‘बघू, लक्षात नाही आलं तर’ या भरवशावर राहणं महागात पडतं. कॅनडात खोटी माहिती दिली असं ठरलं तर पाच वर्षं दार बंद होतं, इंग्लंडमध्ये फसवणूक ठरली तर दहा वर्षं. भाच्याच्या मित्राने ‘पर्मनंट रेसिडेंट’ भोळेपणाने लिहिलं होतं, पण तो भोळेपणा कागदावर दिसत नाही. त्याचा फॉर्म अजून गेलेला नव्हता, हे त्याचं नशीब.

भाच्याने जुलैचा बेत डिसेंबरवर ढकलला. बायको चार दिवस बोलली नाही. सप्टेंबरात नवं कार्ड आलं, ऑक्टोबरात त्याने तिथूनच अर्ज केला आणि त्याआधी फॉर्मच्या त्या पानाचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला. ‘येस’वर खूण, परवान्याचा प्रकार, ७८४ने सुरू होणारा नंबर, १८ सप्टेंबर २०२७. खाली लिहिलं होतं, ‘मामा, आता साल बरोबर आहे ना?’